कापणी झाली, आता पाने मांडा!

आमच्या पेडण्याच्या बाजूला ‘धन्यवाद’ हा शब्द भाषणात ऐकू येतो, घरात फारसा नाही. घरात आम्ही म्हणतो, ‘देव बरें करूं.’ कुणी विहिरीवरून कळशी आणून दिली, आजारपणात पेज आणून दिली, की तोंडातून हेच निघते. ज्याने उपकार केला त्याचे देवाने भले करावे, अशी ही तीन शब्दांची प्रार्थना. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या तर उपासनेच्या मुळाशीच आभार आहेत. ज्याला ‘युखरिस्त’ म्हणतात त्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी उपकारस्तुती.

हे आठवण्याचे कारण म्हणजे हल्ली नोव्हेंबर आला, की परदेशात असलेले आमचे जुने विद्यार्थी फोनवर फोटो पाठवतात. मोठे टेबल, मधोमध भाजलेली टर्की, भोपळ्याचा पाय, आणि खाली लिहिलेले, ‘हॅपी थँक्सगिव्हिंग, टीचर!’ अमेरिकेत हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. आता इथली मुलेही विचारतात, आपल्याकडे हे का नाही?

त्यांना मी त्या सणाची गोष्ट सांगते. १६२० साली इंग्लंडहून जहाजाने गेलेल्या लोकांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात मेले. उरलेल्यांना तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी मका कसा पेरायचा ते शिकवले. १६२१ च्या शरदात पीक हाती आले तेव्हा दोघे एकत्र जेवले. पुढे १८६३ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी यादवी युद्ध चालू असताना साऱ्या देशासाठी हा दिवस जाहीर केला. पण ज्यांनी मका शिकवला त्यांच्या जमिनी मात्र पुढे गेल्या. म्हणून १९७० पासून तिथले काही मूळ रहिवासी त्याच दिवशी शोक पाळतात. आभार मानताना कुणाला विसरलो, हेही बघायला हवे, एवढाच त्यातला धडा.

आणि आपल्याकडे हे नाही असे कोण म्हणतो? सासष्टीत रायला ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते, ताळगावला २१ ऑगस्टला. फादर शेतात जातात, पहिली कणसे आशीर्वादित करून कापतात, आणि ती घरोघरी आल्तारावर ठेवली जातात. आमचे हिंदू शेजारी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम करतात. नवी कणसे गणपतीपुढे ठेवायची, मग दारावर बांधायची. शेत एकच असते आणि कणीसही एकच, देवघरे तेवढी दोन.

आमच्या भागात हे अधिकच जाणवते. डिचोली आणि पेडणे हे नव्या काबिजादीतले तालुके. पेडणे पोर्तुगिजांकडे आले ते १७८८ साली. जुन्या काबिजादीसारखी इथे वाड्यावाड्यावर इगर्ज नाही. आम्ही ख्रिस्ती थोडे, आणि चारी बाजूंनी हिंदू शेजार. मुलांना शिकवलेही मराठीतून. त्यामुळे आमचे कुठलेही जेवण शेजाऱ्याला सोडून पुरे होतच नाही.

म्हणून काही वर्षांपासून आम्ही निवृत्त शिक्षक-शिक्षिका, काही पेडण्याचे, काही डिचोलीचे, भातकापणी आटोपल्यावर एका रविवारी माझ्या घरी जेवायला जमतो. नियम दोनच. प्रत्येकाने आपल्या परड्यातले किंवा स्वतःच्या हातचे काहीतरी आणायचे, आणि बाजारातला केक आणायचा नाही! कुणी अळू आणते, कुणी सुरण, कुणी नारळ. गोडाचे माझ्याकडे.

गोड करताना पानावर कोण बसणार ते आधी बघावे लागते. आमच्यातल्या दोघी अंडे खात नाहीत. बिबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, अभिमानाची गोष्ट. पण त्यात अंड्यांचे बलक भरपूर, शिवाय एकेक थर भाजून होईपर्यंत अर्धा दिवस जातो. ती नाताळासाठी ठेवते. या जेवणाला दोदोल करते. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ. तांब्याच्या भाणात दोन-अडीच तास ढवळत राहायचे, तेल सुटून गोळा कडेपासून वेगळा होईपर्यंत. माझे खांदे आता तेवढा वेळ चालत नाहीत, म्हणून पाळीपाळीने ढवळतो. गप्पाही तिथेच होतात. चण्याच्या डाळीचे दोश करते, त्यातही अंडे नाही. बात्क मात्र दोन भाजते: रवा, खोबरे, लोणी दोन्हींत; एकीत अंडी, दुसरीत दही. ओव्हनमधून वास सुटला, की शेजारची मुले फाटकाशी येतात. आणि हळदीची पाने पिवळी पडायच्या आत मिळाली, तर पातोळ्या. १५ ऑगस्टला सायबिणीच्या फेस्ताला आम्ही त्या करतो, श्रावण-भाद्रपदात हिंदू घरांत होतात. तेच हळदीचे पान, आत तेच चून.

गेल्या वर्षी या जेवणात एक अडचण आली. पातोळ्यांना आणि दोदोलाला लागणारा उकडा तांदूळ दरवर्षी आमच्याच वाड्यामागच्या शेतातला असायचा. गेल्या वर्षी ते शेत पडीक राहिले. मालक आखातात. कसणारे म्हातारे झाले. माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि जे उगवते त्यावर रानडुकरे आणि मोर येतात. तांदूळ दुकानातून आणला. जेवताना डिचोलीचे एक सर म्हणाले, ‘टीचर, शेत पडले आहे, तांदूळ परराज्यातला, मग आपण आभार नेमके कशाचे मानतो?’ टेबलावर कुणी बोलेना.

मग चर्चा झाली, ती बराच वेळ. कुणी म्हणाले, दुसऱ्याला करायला द्यावे. त्यावर एका बाईंनी खरी भीती सांगितली: जमीन कुणाच्या हाती दिली, की तो कूळ लागेल. गोव्यात कूळ कायदा १९६४ चा, ‘कसेल त्याची जमीन’ ही दुरुस्ती १९७६ ची. त्या कायद्याने कष्टकऱ्याला न्याय मिळाला, हेही खरे, आणि आमच्यातल्या एका सरांचे घर त्यामुळेच उभे राहिले. पण आज त्याच भीतीने कितीतरी मालक शेत पडीक ठेवणे पसंत करतात. २०२३ मध्ये भातशेतीची जमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्या तालुक्यात जमिनीला जे भाव आले, ते पाहता तो हवाच होता. परंतु कायदा शेत विकण्यापासून वाचवील. नांगरायला तो येणार नाही.

शेवटी एवढे ठरले, की मालकाला आखातात फोन करायचा. कुणी हक्क सांगायचा नाही, एका हंगामापुरते त्याच्याच नावावर शेत करायचे, खर्च आम्ही पाच-सहा पेन्शनवाल्यांनी वाटून घ्यायचा, आणि त्याच्या घरच्यांना त्यांचा वाटा पोचवायचा. तो लगेच हो म्हणाला. ‘आई होती तर आनंदली असती,’ असेही म्हणाला. यंदा जूनमध्ये लावणी झाली. लावणीला आलेली माणसे कर्नाटकातली होती. डुकरांनी एक कोपरा खाल्ला, बाकीचे हाती आले. पोती फार नाहीत. हिशेब मांडला तर तोटाच आहे, हे लपवत नाही.

बायबलमध्ये अनुवाद या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवायला सांगितले आहे, आणि त्याच ठिकाणी हेही सांगितले आहे, की आनंद करताना लेवी आणि तुमच्यात राहणारा परका यांनाही सामील करून घ्या. म्हणून यंदाच्या जेवणाला लावणी करणाऱ्या त्या चौघांना बोलावले आहे. त्यांतल्या एका बाईने विचारले, ‘आम्ही काय आणायचे?’ मी म्हटले, ‘तुमच्याकडची भाकरी.’

वाचक बंधुभगिनींनो, टर्कीची गरज नाही. कुणाच्या घरी दोदोल ढवळणाऱ्या जुन्या हातांची म्हातारी असेल, तर तिच्या शेजारी बसून ते शिकून घ्या. चुलीवर किती वेळ, रस कितवा, ते लिहून ठेवा. वाड्यावर एखादे शेत पडीक असेल, तर मालकाला एक फोन करा. आणि जेवायला बसाल तेव्हा तांदूळ कुणी लावला ते विचारा. नाव कळले, तर पुढच्या वेळी त्याच्यासाठीही एक पान मांडा.