विसरलेला वाडा आणि वापरातला वाडा

मंडळी, वाईहून मेणवलीचा रस्ता आपल्या पायाखालचा. तीनेक किलोमीटर गेलं की नाना फडणविसांचा वाडा. पण तिथं जाण्याआधी आज आपण जरा इंग्लंडात डोकावू.

ग्लॉस्टरशायर परगण्यात चेडवर्थ नावाचं खेडं आहे. 1864 साली तिथल्या रानात एका रोमन वाड्याचे अवशेष सापडले. रंगीत खड्यांची नक्षीदार जमीन, स्नानगृहं, फरशीखालून गरम हवा खेळवण्याची सोय. 1924 पासून नॅशनल ट्रस्ट ही संस्था ते सांभाळते. आता प्रश्न असा, की मधली इतकी शतकं ते टिकलं कसं? छप्पर कोसळलं, माती साचली, रान माजलं आणि लोक विसरले. मातीनेच ते राखलं.

मेणवलीचं गणित नेमकं उलटं आहे. अठराव्या शतकातला हा वाडा : सहा चौक, सागवानी खांब, तुळया, जाड भिंती, त्यांवरची चित्रं. मागे कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. 1800 साली नाना गेले. पुढे त्यांच्या पत्नी जिऊबाई इथे राहिल्या. इथली कागदपत्रं म्हणजे प्रसिद्ध 'मेणवली दप्तर'. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांमुळे ती अभ्यासकांपर्यंत पोहोचली.

हा वाडा विसरून चालत नाही. दगड मातीत गाडला तरी राहतो, लाकूड राहत नाही. पावसाळ्याआधी शाकारणी चुकली की पाणी तुळईत मुरतं, मग वाळवी येते आणि शेवटी भिंत बसते. भिंतीबरोबर चित्रही गेलंच!

कायद्याचं म्हणाल, तर 1958 चा केंद्राचा कायदा आहे, 1960 चा महाराष्ट्राचा आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. खाजगी मालकाशी करार करून जतन करण्याचीही तरतूद त्यात आहे. पण कायदा बाहेरचा हात अडवतो. कौलांतून गळणारं पाणी नाही. त्यासाठी दरवर्षी कुणीतरी शिडी लावून वर चढावं लागतं.

म्हणून मेणवलीला गेलो की घाटावर फोटो काढून परतू नये. आधी छपराकडे बघावं. वाड्याचं आयुष्य तिथं ठरतं.