देवघरांतील समुद्र

आपल्या देवघरांतील शाळिग्राम नेपाळांतील गंडकी नदीच्या पात्रांतून येतो, हें घरांतील लहान मुलांसही ठाऊक असतें. परंतु पुष्कळशा शाळिग्रामांत दिसणारें चक्र म्हणजे एका सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा होय, हें थोड्यांसच ठाऊक असतें. शास्त्रज्ञ ह्या प्राण्यास अ‍ॅमोनाइट म्हणतात. म्हाकुळाच्या जातकुळींतील हा जलचर सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं नामशेष झाला.

मग समुद्राचा शंख हिमालयांत कसा आला? जेथें आज हिमालय आहे, तेथें पूर्वीं टेथिस नांवाचा समुद्र होता. त्याच्या तळाशीं शिंपल्यांचा चुरा व गाळ थरावर थर सांचून चुनखडक आणि काळे मृत्तिकाखडक बनले. सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वीं भारतभूमि आशियास भिडली आणि ते थर दुमडत वर आले. एव्हरेस्टचा माथाही चुनखडकाचाच असून त्यांत सागरी जीवांचे अवशेष सांपडले आहेत.

हिमाचल प्रदेशांतील स्पितीचें खोरें ह्या अवशेषांचें भांडारच होय. फर्डिनांड स्टोलिच्का ह्या भूशास्त्रज्ञानें तेथील थरांचें वर्णन १८६५ सालीं प्रसिद्ध केलें. १८७४ सालीं यार्कंदहून परततांना लडाखच्या डोंगरांत त्यास मृत्यूनें गांठलें. त्याचें वय अवघें ३६ होतें. कोणता शंख कोणत्या थरांतला, हें त्यानें टिपून ठेविलें, म्हणूनच त्याच्या संग्रहास मोल आलें.

हल्लीं स्पितीस प्रवासी पुष्कळ जातात आणि लांग्झासारख्या गांवाहून असे दगड खिशांत घालून आणतात. घरीं तो दगड चार दिवस फळीवर मिरवतो, पुढें अडगळींत पडतो. थरांतून सुटलेला अवशेष म्हणजे पोथींतून फाडलेलें पान होय. अक्षरें राहतात, परंतु संदर्भ हरपतो. संदर्भावांचून वचनाचा अर्थ लावणें किती कठीण, हें संस्कृत शिकलेल्यांस सांगावयास नको. म्हणून घरांतील तरुण मंडळी तिकडे निघतील तेव्हां वडीलधाऱ्यांनीं त्यांस एवढें अवश्य सांगावें: दगड पाहा, मापा, छायाचित्र घ्या, थर टिपून ठेवा आणि दगड तेथेंच राहूं द्या, विकत तर घेऊंच नका.

कोणी विचारील, हें कळल्यावर शाळिग्रामाची पूजा करावी कीं नाहीं? आमच्या मतें ह्या ज्ञानानें श्रद्धेचें कांहीं उणें होत नाहीं. ज्यावर आपण नित्य तुळशीपत्र वाहतों, तो पाषाण साऱ्या मनुष्यजातीहून कोट्यवधि वर्षांनीं वडील आहे, हें जाणल्यावर हात जोडतांना मस्तक अधिकच लवेल.