विजेच्या तारेंतील सूर

गणेशविसर्जनाच्या दिवशीं किंवा एखाद्या आगरी घरच्या हळदीच्या रात्रीं डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यानें जाण्याचा प्रसंग आला, तर एक वाद्य कानांवर आल्यावांचून राहत नाहीं. लोक त्याला 'बेंजो' म्हणतात. आपल्यापैकीं पुष्कळ जण 'काय हा गोंगाट!' म्हणून खिडकी लावून घेतात. ती लावण्यापूर्वीं हा आवाज असा कां झाला, याचा आपण थोडा विचार करूं. त्यासाठीं प्रथम अमेरिकेंत जावें लागेल. कारण ज्या संगीताला सारें जग 'रॉक' म्हणतें, त्याचें एक मूळ अशाच गोंगाटांत सांपडतें.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यांत कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांचें 'ब्लूज' नांवाचें गाणें होतें. १९४१ सालीं तेथील काँग्रेस ग्रंथालयासाठीं लोकगीतें गोळा करणारे अ‍ॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे स्टोव्हॉल येथील मळ्यावर गेले आणि मॅकिन्ली मॉर्गनफील्ड या मजुराचें गाणें त्यांनीं मुद्रित केलें. हाच पुढें मडी वॉटर्स या नांवानें प्रसिद्धीस आला. त्याच्या हातीं साधी लांकडी गिटार असे. बाटलीच्या मानेसारखी नळी बोटांत घालून तो ती तारेवरून सरकवी, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर आपल्या मींडेप्रमाणें घसरत जाई.

१९४३ सालीं तो शिकागोला गेला. खेड्याच्या शांततेंत पुरेसा होणारा लांकडी गिटारचा आवाज शहरांतील गजबजलेल्या मद्यगृहांत कोणास ऐकूं जाणार? एकदोन वर्षांतच त्यानें विजेची गिटार हातीं धरली. हौस म्हणून नव्हे, तर ऐकूं यावें म्हणून!

ही गिटार तेव्हां अगदींच नवी नव्हती. मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची, तव्याच्या आकाराची विजेची गिटार १९३२ सालींच अमेरिकेच्या बाजारांत आली होती. तिची रचना समजण्यास कठीण नाहीं. पोलादी तारांखालीं लोहचुंबक असतें आणि त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. वरची तार कांपूं लागली, कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें आणि वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. हा प्रवाह ध्वनिवर्धकांत वाढवून स्पीकरकडे पाठवितात.

परंतु येथें एक विलक्षण गोष्ट घडते. ध्वनिवर्धकाला त्याच्या शक्तीपलीकडे ताणलें, म्हणजे ध्वनिलहरींचीं टोकें छाटलीं जातात. त्यामुळें मूळ सुरांत नव्हते असे उपस्वर त्यांत मिसळतात आणि आवाज खरखरीत होतो. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें हा दोष. पण या दोषांतच ब्लूजच्या वादकांना आपल्या दुःखाचा आणि त्वेषाचा कंठ सांपडला. तात्पर्य, वीज आली ती आवाज वाढविण्यासाठीं. तिनें वाद्याची जातच पालटली.

१९४८ सालीं मडी वॉटर्सची विजेच्या गिटारवरील ध्वनिमुद्रिका शिकागोंत हातोहात खपली. दहा वर्षांनीं, १९५८ सालीं, तो इंग्लंडला गेला, तेव्हां जुन्या शांत लोकगीतांची अपेक्षा करणाऱ्या कांहीं रसिकांना ती गिटार कर्कश वाटली. त्यांनींहि, म्हणाना, खिडकी लावून घेतली! परंतु त्याच देशांतील तरुणांनीं १९६२ सालीं एक वाद्यवृंद काढला आणि मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून त्याला 'रोलिंग स्टोन्स' हें नांव दिलें. मडी वॉटर्स १९८३ सालीं वारला, तोंपर्यंत त्याचा तो खरखरीत सूर जगभर पोहोंचला होता.

आतां मानपाड्यास परत येऊं. आपला 'बेंजो' हा अमेरिकन बॅंजो नव्हे, तो बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज 'ताइशोगोतो' हा १९१२ सालीं जपानांतील नागोया शहरीं गोरो मोरिता यानें तयार केला. टंकलेखनयंत्रासारखीं बटणें दाबावीं आणि तारा छेडाव्या, अशी याची घरगुती रीत. त्याचा मूळचा आवाज एवढा नाजूक, कीं ताशा आणि ढोल यांच्यापुढें तो बुडूनच जावा. मिरवणुकींत टिकावयाचें, तर विजेचा आधार हवा. म्हणून त्याच्या तारांचें कंपनहि ध्वनिवर्धकांतून स्पीकरकडे नेतात. शिकागोंत जी अडचण, तीच येथें. आणि उपायहि तोच. असा ताणलेला, धारदार आवाज आतां हळदीच्या गाण्यांची ओळखच होऊन बसला आहे.

याचा अर्थ शेजारच्या आजाऱ्यानें किंवा अभ्यासास बसलेल्या मुलानें सर्व निमूटपणें सोसावें, असा मुळींच नाहीं. २००० सालच्या नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे आणि रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यावर बंधन आहे. तें पाळलेंच पाहिजे. परंतु आवाज किती असावा हा एक प्रश्न, आणि त्या आवाजांत संगीत आहे कीं नाहीं हा दुसरा. पहिल्याचा निकाल नियमानें लागतो. दुसऱ्याचा लावण्यास आपले कानच हवेत. पुढच्या मिरवणुकीच्या वेळीं खिडकी लावण्याआधीं एक गाणें मात्र पुरतें ऐकावें, एवढीच माझी आपणांस विनंति आहे.