जुन्या अंगणातला बुंधा आणि बोन्सायचा धंदा

जळगाव-धुळ्यात जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहतात, तेव्हा अंगणातली बोगनवेल, मेंदी, डाळिंब, कामिनी सरपणात जातात. रोपवाटिकेत असा जाड, जुना बुंधा सहजासहजी मिळत नाही. घरमालकाला विचारले तर तो बहुधा फुकट देतो. बोन्साय करणाऱ्याला हेच भांडवल.

ही कला चीनमधून जपानला गेली. बोन्साय म्हणजे उथळ कुंडीतली लागवड. पुण्यात २०१८ साली प्राजक्ता काळे यांनी ३,३३३ बोन्साय एका ठिकाणी मांडून गिनीज विक्रम केला. म्हणजे हा शौक आता आपल्याकडेही रुजला आहे.

मी कापडाचा व्यापारी. सुरुवातीला मे महिन्यात बोगनवेलीचा एक बुंधा काढून काळ्या मातीत लावला. पंधरा दिवसांत हिरवी फूट आली, गिऱ्हाईक आले, मी विकून मोकळा झालो. महिन्याभरात झाड सुकले. पैसे परत केले आणि कारण शोधले. बुंध्यात साठलेल्या अन्नावर फूट येते, मुळे तेव्हा धरलेली नसतात. उधारीवर माल गेला म्हणजे वसुली झाली नव्हे, तसेच हे.

म्हणून बुंधा चांगला पाऊस पडल्यावरच काढावा. बोगनवेलीची मुळे ठिसूळ असतात. ओढू नये, मुळांभोवतीची माती जपावी, फांद्या आखूड कराव्यात. कपाशीला मानवणारी आपली काळी माती कुंडीत चालत नाही. ती पाणी धरून मुळे कुजवते आणि वाळली की भेगाळते. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि कुजलेले शेणखत घ्यावे, कुंडीला तळाशी भोके हवीत. बुंधा सावलीत ठेवावा, हलवून पाहू नये. पहिले वर्ष खोल कुंडीत, मग उथळ थाळीत. फांद्या वळवायला ॲल्युमिनियमची तार गुंडाळावी आणि सालीत रुतण्याआधी काढावी. आपल्या उन्हाळ्यात दुपारची सावली आणि दोन वेळा पाणी चुकवू नये.

यात कुंभाराला उथळ थाळ्यांचे, वेल्डिंगवाल्याला स्टँडचे काम मिळते. मात्र पैसा अडकून राहतो, सब्र लागतो. निदान दोन पावसाळे पाहिलेले झाडच विकावे आणि ते कधी काढले हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. झाड जगले तर तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते.