रांजणगाव ते रॅग्नारोस

रांजणगावच्या महागणपतीची कथा शिरूर तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्रिपुरासुराकडे सोन्याचं, रुप्याचं आणि लोखंडाचं अशी तीन पुरं. मारायचा तर शंकरानंच, तेही एकाच बाणात. शंकर युद्धाला निघाले ते गणपतीला न वंदता, आणि यश येईना. नारदानं राहिलेलं लक्षात आणून दिलं, स्तवन झालं, मग तो बाण लागला. दौंडकरांची कथा भीमेपलीकडची. शिरापूरवरून नदी ओलांडली की सिद्धटेक. तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर (पूर्वीचा नगर), पण वाट दौंडची. तिथं विष्णू मधु-कैटभांशी हजारो वर्षं लढत राहिले, दैत्य काही मरेनात. शेवटी गणेशाची आराधना केली, सिद्धी मिळाली आणि काम फत्ते झालं.

ऑनलाइन फँटसी गेम खेळलेल्या कुणालाही या दोन्ही कथा फार ओळखीच्या वाटतील. तिथला 'बॉस', म्हणजे टप्प्याच्या शेवटी उभा असलेला बलाढ्य शत्रू, नुसत्या अंगबळानं मरत नाही. त्याची एक अट असते, आणि ती कळेपर्यंत आपण मरत राहतो. गेल्या पंचवीस-अठ्ठावीस वर्षांतल्या गाजलेल्या बॉस-लढती आठवायला बसलो तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बॉस किती मोठा होता, त्याला किती डोकी होती, हे कुणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिल्या त्या लढती, जिथं अट कुणालाच माहीत नव्हती, किंवा गेम बनवणाऱ्यांनी घातलेली अट खेळणाऱ्यांनी उडवून लावली.

सुरुवातच तशी झाली. ऑगस्ट १९९७. 'अल्टिमा ऑनलाइन' अजून विक्रीला यायचा होता, चाचणी चालू होती. गेमचा कर्ता रिचर्ड गॅरियट स्वतः 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपात प्रजेला दर्शन देत फिरत होता. राजा अमर असायला हवा होता, पण सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि अमरत्वाचं बटण दाबायचं राहून गेलं. रेन्झ नावाच्या खेळाडूनं आगीचा एक मंत्र फेकला आणि राजा जागच्या जागी कोसळला. हा काही बॉस नव्हता, पण पुढच्या सगळ्या बॉस-लढतींचं बीज यात आहे. रेन्झचं खातं नंतर बंद केलं गेलं, राजहत्येसाठी नव्हे, इतर लबाड्यांसाठी, असं कंपनीचं म्हणणं. माना किंवा सोडून द्या.

पुढची गोष्ट त्याहून मजेची. 'ॲशरॉन्स कॉल' १९९९च्या शेवटी आला. या गेममध्ये दर महिन्याला कथानक पुढं सरकायचं. एका टप्प्यावर खेळाडूंनी काही स्फटिक फोडायचे आणि त्यातून बेलझारोन नावाचा महादैत्य मोकळा व्हायचा, अशी लेखकांची योजना. बाकीच्या सर्व्हरांवर लोकांनी लुटीच्या आशेनं स्फटिक फटाफट फोडले. थिसलडाउन सर्व्हरवरच्या मंडळींनी मात्र ठरवलं, फोडायचा नाही. शेवटच्या स्फटिकाभोवती त्यांनी आळीपाळीनं पहारा बसवला आणि फोडायला येणाऱ्यांना कापून काढायला सुरुवात केली. कथा अडली. अखेर कंपनीच्या माणसांनाच दैत्याचं सोंग घेऊन पहारेकऱ्यांवर चालून जावं लागलं. म्हणजे बॉस हा खेळणारा आणि खेळाडू हे किल्ला लढवणारे, असा उलटा डाव.

ह्या सगळ्याचा आमच्याकडे तेव्हा पत्ता नव्हता. शिरूर-दौंडच्या बाजूला नेट कॅफे म्हणजे प्लायवूडची पार्टिशनं, निकालाच्या दिवशी तोबा गर्दी आणि एरवी तासावर पैसे. आधी घरी फोनच्या वायरीतून डायलअप, मग २००५पासून बीएसएनएलचं ब्रॉडबँड हळूहळू तालुक्याच्या गावांत उतरलं. कॅफेतल्या मशीनवर काही इन्स्टॉल करायची मालकाची परवानगी नसे. त्यामुळे ब्राउझरमध्ये चालणारा, फुकटचा 'रूनस्केप' पोरांच्या हाती लागला, आणि त्याच्यासोबत एल्वार्ग.

एल्वार्ग ही क्रँडोर बेटावरची ड्रॅगन. पातळी ८३. पैसे न भरता खेळणाऱ्याच्या वाट्याला येणारी खरीखुरी मोठी लढत ही एवढीच. तिच्यापर्यंत पोहोचायला ३२ क्वेस्ट पॉइंट लागायचे. मग नकाशाचे तीन तुकडे तीन ठिकाणांहून गोळा करायचे, मोडकं जहाज विकत घेऊन डागडुजी करायची, नावाडी शोधायचा. या सगळ्या यातायातीत मुख्य वस्तू अशी, की जिच्याकडे नवखा हमखास कानाडोळा करी. लंब्रिजच्या ड्यूककडून मागून घ्यायची ड्रॅगनविरोधी ढाल. ड्यूक ती फुकट देतो. मागायला मात्र जावं लागतं. ती नसली तर एल्वार्गच्या एका फुंकरीत माणूस कोळसा. कुणीतरी बाजूच्या पार्टिशनवरून मान काढून "अरे ढाल घेतली का?" असं ओरडायचा, तोवर समोरच्या स्क्रीनवर काम झालेलं असायचं. मेल्यावर अंगावरच्या फक्त तीन वस्तू राहायच्या, बाकी सगळं तिथंच पडायचं. जिंकलं की बक्षीस काय, तर रून धातूचं चिलखत अंगात घालायचा हक्क. चिलखत नव्हे, हक्क. चिलखत पुन्हा वेगळं विकत घ्यायचं.

आणि मधूनच लाइट जायची. ज्यांनी त्या वर्षांतलं ग्रामीण महाराष्ट्राचं लोडशेडिंग भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आपण काळोखात बसलेलो आणि तिकडे परदेशातल्या सर्व्हरवर आपला गडी ड्रॅगनसमोर हात बांधून उभा. त्या काळी आमच्या भागात एल्वार्गनं जेवढे मारले, त्याच्या बरोबरीनं वीज मंडळाच्या वेळापत्रकानं मारले असतील.

रूनस्केपचा खरा नावाजलेला बॉस पैसे भरणाऱ्यांसाठी होता. ऑक्टोबर २००५मध्ये आलेला टझटॉक-जाड, पातळी ७०२. आधी राक्षसांच्या बासष्ट लाटा एकट्यानं झेलायच्या, त्रेसष्टाव्या लाटेला जाड. त्याची लढत म्हणजे डोळे आणि बोट यांची परीक्षा. पुढचे पाय जमिनीवर आपटले की बाणांपासून वाचवणारी प्रार्थना लावायची, मागे रेलून पाय हवेत लोंबले की जादूपासून वाचवणारी. प्रार्थना बरोबर असेल तर ओरखडाही नाही. चुकली तर एका फटक्यात ९७पर्यंत घाव, आणि खेळाडूचं जास्तीत जास्त आयुष्य ९९. त्याचं आयुष्य अर्ध्यावर आलं की त्याचे वैद्य धावत येतात. सगळा आनंद इथंच मावळायचा, कारण हात थरथरायला लागलेले असतात. रूनस्केपचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं. भारतातून परदेशी सर्व्हरला संदेश जाऊन यायलाच त्यातला बराच वेळ खर्च होई. युरोपातल्या पोरानं जे डोळ्यांनी पाहून खेळायचं, ते इकडच्यानं अंदाजानं खेळायचं. हे जमवणाऱ्यांना मी आजही मानतो.

कोरियाचा 'रॅग्नारॉक' त्याच दशकाच्या मध्यावर 'लेव्हल अप' कंपनीनं भारतात आणला होता, आणि काही वर्षांतच त्याचा इथला गाशा गुंडाळला. पुण्यात शिकायला गेलेली पोरं त्याच्या गोष्टी घेऊन सुट्टीत गावी यायची. तिथं बॉस कुणा एकाच्या नावानं राखून ठेवलेला नसायचा. तो उघड्या मैदानात फिरायचा, जो गाठेल त्याचा. सर्वांत जास्त घाव घालणाऱ्याला 'एमव्हीपी' ठरवून खास वस्तू मिळे. प्रॉन्टेराच्या गटारात राहणारा सोनेरी झुरळ, म्हणजे 'गोल्डन थीफ बग', मेला की तासाभरानं पुन्हा उगवायचा. मग त्या वेळा टिपून ठेवणं, दुसऱ्या टोळीला खोट्या वेळा सांगणं, बॉसचं आयुष्य संपत आल्यावर भलत्याच कुणी येऊन घाव घालणं आणि त्यावरून होणारी भांडणं. गेममधला सर्वांत चिवट शत्रू शेजारचाच असतो, हे पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या गावांतल्या पोरांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण माझ्या मते या सगळ्या काळातली सर्वांत भारी लढत 'एव्हरक्वेस्ट'मधली. डिसेंबर २०००च्या नव्या भागात केराफिर्म नावाचा ड्रॅगन आला, 'स्लीपर'. चार रक्षक त्याला झोपेत जखडून होते. चौघं मारले की तो जागा होणार, दिसेल त्याला मारत सुटणार, आणि त्या सर्व्हरवर तो पुन्हा कधीच झोपणार नाही. एकदाच घडणारी गोष्ट. त्याला मारता यावा ही अपेक्षाच नव्हती. त्याचं आयुष्य कोटींत मोजायचं. नोव्हेंबर २००३मध्ये रॅलोस झेक या, एरवी खेळाडू एकमेकांच्याच जिवावर उठलेल्या सर्व्हरवर तीन वैरी गिल्ड, म्हणजे खेळाडूंचे संघ, एकत्र आले. दोनशेच्या आसपास माणसं. पद्धत सरळ होती: मरायचं, साथीदारांनी जिवंत करायचं, पुन्हा मरायला जायचं. तीन तासांच्या वर हे चाललं. ड्रॅगनचं आयुष्य साधारण चौथाईवर आलं आणि तो अचानक नाहीसा झाला. कंपनीच्या माणसानं तो काढून घेतला होता. एवढा गदारोळ झाला, की कंपनीला दिलगिरी व्यक्त करून पुन्हा संधी द्यावी लागली. दोनशे जण पुन्हा जमले आणि या वेळी केराफिर्म मेला. त्याच्या प्रेतातून काय मिळालं? काही नाही. मरेल असं कुणाला वाटलंच नव्हतं, तर बक्षीस कोण ठेवणार!

नोव्हेंबर २००४मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि या प्रकाराला शिस्त लागली. चाळीस जणांचा रेड: कुणी मार खाणारा टँक, कुणी हीलर, बाकीचे मारणारे. प्रत्येक गिल्डला आपापली बंद गुहा. मोल्टन कोअरच्या तळाशी रॅग्नारोस, हा अग्निराज एप्रिल २००५मध्ये 'असेंट' या युरोपीय गिल्डनं पहिल्यांदा पाडला. तरीही हातातून निसटण्याचे प्रसंग थांबले नाहीत. सप्टेंबर २००५मध्ये हक्कार हा रक्तदेव आला. त्याचा शाप एकाकडून दुसऱ्याला लागायचा, पण तो गुहेतच राहावा अशी योजना होती. खेळाडूंचे पाळीव प्राणी मात्र तो शाप घेऊन राजधानीत पोहोचले आणि चौकाचौकांत हाडांचे सडे पडले. काही खेळाडू लोकांना बरं करत फिरले, काही शहर सोडून पळाले, काहींनी मुद्दाम साथ पसरवली. २००७मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी या घटनेवर 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये लेख लिहिला. २०२०मध्ये टाळेबंदीत घरी बसलो असताना त्याची आठवण बऱ्याच जुन्या खेळाडूंना झाली असणार. पळणारे आणि पसरवणारे दोन्ही तेव्हा डोळ्यांसमोर होते.

वॉरक्राफ्टमधलाच २००६च्या सुरुवातीचा बॉस क्थून तर मरूच शकत नव्हता. जगातले उत्तम गिल्ड महिनोन्महिने डोकं आपटत राहिले. हिशेब मांडून त्यांनी दाखवलं की हे गणितच बसत नाही. कंपनीनं एप्रिलमध्ये दुरुस्ती केली आणि लगेच 'निहिलम'नं त्याला लोळवलं. इथं मी खेळाडूंच्या बाजूचा. गणेशस्तवनानंतरही बाण लागणारच नसेल, तर ती लढत नव्हे, फसवणूक.

याची हद्द झाली ऑगस्ट २००८मध्ये. 'फायनल फँटसी अकरा'मधल्या पँडेमोनियम वॉर्डनशी एक गट अठरा तासांहून जास्त वेळ लढला. खेळणारे चक्कर येऊन पडायला लागले, काहींना उलट्या झाल्या, तेव्हा त्यांनी नाद सोडला. बॉस मेला नव्हता. नंतर कंपनीनं त्याची ताकद कमी केली आणि दोन तासांची मुदत घातली. विष्णूंची हजारो वर्षं ठीक आहेत, माणसाला सकाळी कामावर जायचं असतं.

त्यानंतरचा काळ मी भरभर पार करतो, कारण लढती उत्तम झाल्या पण आश्चर्यं कमी झाली. फेब्रुवारी २०१०मध्ये 'एन्सिडिया' गिल्डनं वॉरक्राफ्टमधला लिच किंग पंचवीस जणांनिशी पहिल्यांदा मारला; पण त्यांच्यातल्या एकाच्या बाँबमुळे तुटलेला कठडा पुन्हा जुळत होता, म्हणून कंपनीनं तीन दिवसांची बंदी घालून मानही काढून घेतला. त्याच लढतीचं अवघड रूप मार्चमध्ये फिनलंडच्या 'पॅरागॉन'नं जिंकलं. पुढं मार्गदर्शक व्हिडिओ आणि बॉस आता काय करणार हे आधीच सांगणारे अॅडऑन सर्रास झाले. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि शिरूर काय, दौंड काय, वाडीवस्तीवरच्या पोराच्या हातात अशी लढत बघायला पुरेसा डेटा आला. खेळायचं मात्र पबजी. सप्टेंबर २०२०मध्ये त्यावर बंदी आली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस 'गेन्शिन इम्पॅक्ट' फोनवर फुकट अवतरला. दर आठवड्याला ड्वालिन नावाचा ड्रॅगन मारा, सामान घ्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा या. बाजारहाटासारखं.

ऑगस्ट २०१९मध्ये वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती 'क्लासिक' नावानं पुन्हा उघडली. २००५मध्ये ज्या रॅग्नारोसला पाडायला पाच महिने लागले होते, तो 'एप्स' गिल्डनं आठवडाभराच्या आत मारला. त्यांच्यातले सगळे जण कमाल पातळीलाही पोहोचले नव्हते. रॅग्नारोस फारसा बदलला नव्हता, पण या वेळी चाळीसच्या चाळीस जणांना सगळं आधीच पाठ होतं.

माहिती सर्वांकडे असूनही गाजलेली एकच लढत मला अलीकडची आठवते. 'एल्डन रिंग' फेब्रुवारी २०२२मध्ये आला. त्यातली मलेनिया ही तलवारबाज प्रत्येक यशस्वी वारासोबत स्वतःच्या जखमा भरून काढते, त्यामुळे तिच्यापुढं हजारो खेळाडूंनी हात टेकले. ऑनलाइन मदतनीस बोलावता येतो, म्हणून ते बोलवायचे. तेव्हा डोक्यावर मडकं, अंगावर लंगोट आणि दोन्ही हातांत कटाना घेतलेला एकजण यायचा. 'लेट मी सोलो हर', मला एकट्याला लढू द्या, एवढंच त्याचं नाव. बोलावणाऱ्यानं कोपऱ्यात उभं राहायचं आणि तो मलेनियाला मारून निघून जायचा. पुन्हा दुसऱ्याच्या हाकेला ओ द्यायला. त्यानं हजाराव्यांदा तिला मारलं तेव्हा प्रकाशक कंपनीनं त्याच्या घरी भेट पाठवली, तिच्यात एक खरी तलवार होती. केराफिर्म मारणाऱ्या दोनशे जणांना काय मिळालं होतं, ते वर लिहिलंच आहे.