ताळेबंदाबाहेरचे स्थानक

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातल्या ॲडलस्ट्रॉप या खेड्याचे रेल्वे स्थानक १८५३ मध्ये उघडले, १९६६ मध्ये बंद झाले. लोहमार्ग आजही चालू आहे. गाड्या मात्र येथे थांबत नाहीत. जून १९१४ मधील येथील एका थांब्यावर एडवर्ड थॉमस यांनी कविता लिहिली आणि हे नाव अजरामर झाले. कवितेचे उत्पन्न ताळेबंदात धरले जात नाही. १९६३ च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. रेल्वेचा तोटा खरा होता, हे मान्यच. परंतु रेल्वेने वाचविलेला खर्च सारा नाहीसा होत नाही. त्याचा काही भार मोटार नसलेल्या ग्रामस्थाच्या माथी पडतो. स्थानकाची जुनी पाटी आता गावच्या बसथांब्यावर आहे. सार्वजनिक सेवेचा हिशेब कोणाच्या वहीत मांडायचा, हाच खरा प्रश्न आहे.