मोल आणि वस्तुमान : जलसंजीवनीच्या पाकिटातील गणित

जुलाब झालेल्या बालकासाठी आणलेले जलसंजीवनीचे पाकीट तुम्ही पाहिले असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि केवळ २.६ ग्रॅम मीठ, म्हणजे सोडिअम क्लोराइड, असते. यावरून ग्लुकोज पुष्कळ आणि मीठ अगदी थोडे, असा समज होतो. वजनापुरता तो खरा आहे. परंतु आतडे वजन जाणत नाही. तेथील पेशींच्या आवरणातील एक प्रथिन सोडिअमचे आयन आणि ग्लुकोजचे रेणू बरोबरच आत घेते व त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. म्हणजे येथे महत्त्व ग्रॅमला नसून कणांच्या संख्येला आहे.

ही संख्या मोजण्याचे एकक म्हणजे मोल. डझन म्हणजे १२ नग, तसे एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. एवढ्या कणांचे वस्तुमान ग्रॅममध्ये मोजले, तर ते रेणुवस्तुमानाच्या आकड्याइतकेच भरते. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ व ऑक्सिजनचे ६ अणू असतात; ७२ + १२ + ९६ = १८०. म्हणून एक मोल ग्लुकोज १८० ग्रॅम होते. दिलेल्या वस्तुमानाला या आकड्याने भागावे :

१३.५ ÷ १८० = ०.०७५ मोल

मिठासाठी २३ + ३५.५ = ५८.५, आणि २.६ ÷ ५८.५ = ०.०४४ मोल. हा आकडा कमी पडतो. मात्र पाकिटात २.९ ग्रॅम ट्रायसोडिअम सायट्रेटही असते. स्फटिकजलासह त्याचे वस्तुमान २९४ धरल्यास ते सुमारे ०.०१ मोल भरते आणि त्याच्या प्रत्येक मोलमागे सोडिअमचे ३ मोल मिळतात. (ही तिप्पट विसरण्याची चूक परीक्षेत हमखास होते.) ०.०४४ + ०.०३ = ०.०७४, म्हणजे सोडिअम आणि ग्लुकोज जवळजवळ समसमान!

आता हेच पाकीट २०० मिलिलिटरच्या पेल्यात विरघळवले तर? ग्लुकोजचे मोल तेवढेच राहतील, पण ०.०७५ ÷ ०.२ = ०.३७५, म्हणजे दर लिटरला पाचपट. एवढे तीव्र द्रावण शरीरातील पाणी उलट आतड्यात खेचते आणि रक्तातील सोडिअमही धोकादायक प्रमाणात वाढू शकते. औषध तेच, पण बालक अधिक शुष्क होते. बाजारात २०० मिलिलिटरसाठीची लहान पाकिटेही मिळतात. म्हणून वेष्टनावरील पाण्याचे माप आधी वाचावे.

स्वतः सोडवा : पाकिटात १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड असते. पोटॅशिअमचे अणुवस्तुमान ३९ धरून त्याचे मोल काढा.
(उत्तर : सुमारे ०.०२ मोल)